चेल्याबिन्स्कचा अशनी ‘डीए १४’चा तुकडा नव्हता

पृथ्वीजवळून एखादा लघुग्रह जाणार अशी बातमी आली, की १५ फेब्रुवारी २०१३च्या घटनांबद्दलची एक जुनी पोस्ट पुन्हा फिरायला लागते. दावा साधारण असा: ‘२०१२ डीए १४’ हा लघुग्रह पृथ्वीला खेटून गेला, त्याच दिवशी रशियात चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, फुटला. तो त्याचाच तुकडा होता, शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ‘योगायोग’ म्हणत विषय गुंडाळला. शेवटी ‘विचार करा’ असतंच. तर करू या.

आधी ‘त्याच दिवशी’चं बघू. चेल्याबिन्स्कला स्फोट झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे ८:५० झाले होते. डीए १४ पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे २७,७०० किलोमीटरवर आला तो रात्री १२:५५ला. आपल्याकडे तेव्हा १६ तारीख लागली होती, खुद्द चेल्याबिन्स्कमध्येही. तारखेचं सोडा, मध्ये १६ तास गेले. डीए १४चा पृथ्वीसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. गुणाकार केला तर साडेचार लाख किलोमीटर होतात. रशियात काचा फुटत होत्या तेव्हा हा गडी चंद्रापेक्षाही लांब होता.

तुकडा पुढे निघाला असेल, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. एकाच कक्षेत दोन दगड मागेपुढे येऊ शकतात. पण मग दोघांची दिशा आणि वेग जुळायला हवा. डीए १४ दक्षिणेकडून वर आला. त्याच्या जोडीदाराला ५५ अंश उत्तरेवरचं चेल्याबिन्स्क गाठायचं तर मध्ये पृथ्वीच आडवी येते. तिथे फुटलेला दगड आला पूर्वेकडून, नुकत्याच उगवलेल्या सूर्याच्या बाजूने, आणि सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने.

हे कळलं कसं, तो भाग मला सगळ्यात आवडतो. रशियात गाडीत डॅशकॅम लावायची पद्धत असल्यामुळे चित्रफितींचा पाऊस पडला. त्यातली एक चेल्याबिन्स्कच्या क्रांती चौकातल्या कॅमेऱ्याची. अग्निगोल आकाशातून सरकतो तशा चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्या जमिनीवर गर्रकन फिरतात. खांबाची उंची आणि सावलीची लांबी यांवरून अग्निगोल क्षितिजापासून किती वर होता ते निघतं. सावलीच्या रोखावरून तो कोणत्या बाजूला होता ते. कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाच्या हॉर्हे सुलुआगा आणि इग्नासिओ फेरिन यांनी ही भूमिती वापरून काही दिवसांतच कक्षेचा अंदाज मांडला. पुढे चेक शास्त्रज्ञांनी अनेक चित्रफिती जुळवून ती अधिक काटेकोर केली. हा दगड मंगळापलीकडच्या लघुग्रह पट्ट्यात जाऊन येणारा, सूर्याभोवती एका फेरीला दोन वर्षांहून जास्त घेणारा. डीए १४ची फेरी तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

दोघांचं द्रव्यही वेगळं. चेल्याबिन्स्कला सापडलेले तुकडे ‘साधे कॉन्ड्राइट’ या दगडी अशनींच्या प्रकारातले निघाले. चेबारकुल तलावातून ऑक्टोबर २०१३मध्ये काढलेला सहाशे किलोंहून जड धोंडाही त्यातलाच. डीए १४चा वर्णपट, म्हणजे त्याच्यावरून परतलेल्या प्रकाशातल्या रंगांचं प्रमाण, ‘कार्बनयुक्त कॉन्ड्राइट’ या वेगळ्या प्रकाराशी मिळताजुळता.

‘आधीच ठाऊक होतं’ हे डीए १४बाबत खरं आहे. स्पेनमधल्या ला साग्रा वेधशाळेला तो २३ फेब्रुवारी २०१२ला सापडला, तोही पृथ्वीजवळून पुढे गेल्यावर, अंधाऱ्या आकाशात. चेल्याबिन्स्कचा दगड जेमतेम २० मीटरचा आणि सूर्याच्या बाजूकडून आलेला. उजेडात जमिनीवरच्या दुर्बिणींना तो दिसणंच शक्य नव्हतं. तेव्हा लपवायला कुणाकडे काही नव्हतं. असा दगड न दिसता येऊ शकतो, यात दिलासा वाटण्यासारखं काही नाही, हे मान्य. सूर्याच्या जास्त जवळचं आकाश तपासता यावं म्हणून नासाची ‘एनईओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण बांधली जात आहे.

रशियन क्षेपणास्त्राने अशनी पाडला, ही त्याच पोस्टची पोटशाखा. सूर्याआडून, न सांगता, सेकंदाला १९ किलोमीटरने आलेल्या वस्तूवर नेम धरणार कोण? ताशी सुमारे ६८ हजार किलोमीटरचा हा वेग नसता तरी प्रश्न उरतोच. दगड सुमारे ३० किलोमीटर उंचीवर हवेच्या दाबाने फुटला.

राहिले दीड हजार जखमी. पोस्टमध्ये ते ‘दगडांच्या वर्षावात’ जखमी होतात. प्रत्यक्षात बहुतेकांना काचा लागल्या. प्रकाश लख्ख चमकला, लोक बघायला खिडकीशी गेले, आणि धक्क्याची लाट मिनिट-दोन मिनिटांनी पोचली. एका शाळेतल्या बाईंनी मुलांना बाकांखाली बसवलं होतं. त्या वर्गातलं एकही मूल कापलं नाही. उभ्या असलेल्या बाईंच्या हाताला मात्र काचेने खोल जखम झाली.