फुसक्या बारानंतर दुसरा बार टाकू नका

मोहोळ, माढा आणि उत्तर सोलापूर भागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी बारा बोरची बंदूक बाळगणाऱ्यांना त्यात सांगितले आहे की, चाप ओढूनही बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडून काडतूस बदलावे. आवाज फुसका आला तर दुसरा बार टाकावा, म्हणजे नळी आपोआप साफ होते. सादळलेली काडतुसे तव्यावर शेकून घ्यावीत. आणि पीकरक्षणाचा परवाना असला की डुकरासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मी स्वतः परवानाधारक शेतकरी आहे आणि यातला एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

पहिल्या सल्ल्यातला ‘लगेच’ हा शब्दच घातक आहे. काडतुसाच्या बुडातली टोपी कधी कधी उशिरा पेटते आणि बार क्षण-दोन क्षणांनी उडतो. त्याच वेळी बंदूक उघडलेली असेल, तर काडतुसाला नळीचा आधार राहत नाही, ते उघड्यावर फुटते आणि जाळ व तुकडे थेट तोंडावर येतात. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबावे. मी पूर्ण मिनिट थांबतो. दुनळी असेल तर दुसरी नळी भरलेलीच असते, हे विसरून सोबत्याकडे वळू नये. तेवढ्यात डुक्कर अंगावर येईल, अशी भीती संदेशात घातली आहे. पण राखण माळ्यावरून करणाऱ्याला मिनिटभर थांबता येते.

दुसरा सल्ला सर्वांत वाईट आहे. फुसका बार म्हणजे दारू नीट पेटलेली नाही, आणि दारू व छर्रे यांच्यामधली वॅड, म्हणजे त्यांना वेगळे ठेवणारी डाट, नळीत अडकलेली असू शकते. अशा नळीत दुसरा बार टाकला की वायूला वाट मिळत नाही आणि नळी फाटते. ती डाव्या हाताच्या बोटांजवळही फाटू शकते. दोन वर्षांपूर्वी उसाच्या बांधावर माझ्या बंदुकीतून नुसता ‘फुस्स’ असा आवाज आला. थांबून, बंदूक रिकामी करून, नळी सुटी करून मी ती आभाळाकडे धरली, तेव्हा जिथे गोल उजेड दिसायला हवा होता तिथे काळोख होता. गजाने ढोसल्यावर काळवंडलेली वॅड बाहेर पडली. त्या दिवशी मी दुसरा बार टाकला असता, तर हे लिहायला हात उरला असता का, याचा विचार अजूनही मनात येतो. चिखलात टेकलेल्या नळीचा धोकाही हाच, आणि बारा बोरच्या नळीत चुकून गेलेल्या, तिच्यापेक्षा बारीक अशा वीस बोरच्या काडतुसाचाही, कारण ते आत सरकून पुढे अडकते आणि नळी रिकामी वाटते. वीस बोरची काडतुसे पिवळी ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे.

तव्याबद्दल फार लिहायला नको. टोपीतला स्फोटक मसाला उष्णतेनेही उडतो. सादळलेली काडतुसे वापरू नयेत.

परवान्याचे म्हणाल, तर बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि रानडुकराला संरक्षण 1972 च्या वन्यजीव कायद्याचे आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत, अनुसूची 2 मध्ये आहे. पिकाचे नुकसान होत असेल तरी त्याला मारण्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आपल्या माळरानावरचे काळवीट तर सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूची 1 मध्ये आहे, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत शेत असणाऱ्यांनी अंधारात हालणाऱ्या सावलीवर नेम धरताना हे ध्यानात ठेवावे.