नारिंगी म्हणजे नर? इग्वानाच्या एका मेसेजचा समाचार

नागपुरातल्या इग्वाना (सरड्याच्या जातीचा मोठा प्राणी) पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: नारिंगी झाक असेल तर नर, हिरवागार असेल तर मादी; मादी दोन फुटांवर थांबते; आणि पेटी लहान ठेवली की इग्वानाही लहानच राहतो. तिन्ही दावे चुकीचे आहेत. तिसरा तर जनावराच्या जिवावर उठणारा.

आधी रंग. संत्र्यांच्या गावात नारिंगीचं अप्रूप असायचंच! विणीच्या काळात मोठा नर नारिंगी होतो हे खरं, पण काही माद्याही होतात. ‘रेड इग्वाना’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू तर वाणानेच लालसर असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम वीतभर. ते नुसतं पाहून नर की मादी, कोणीच सांगू शकत नाही. दुकानदार छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज समजा.

गळ्याखालची झालर दोघांनाही असते, तेव्हा तीही बाद. पाहायचं ते मांडीखाली, आणि तेही साधारण दीड-दोन वर्षांनी. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असा आधार देऊन उचला; शेपटीला धरू नका, तुटते. मांडीच्या आतल्या बाजूला छिद्रांची एक रांग दिसेल. मादीत ती टाचणीच्या टोकाएवढी. नरात ठसठशीत, आणि प्रत्येकातून मेणासारखा पिवळट-तपकिरी कण डोकावतो. हे कण पिळून काढायचा मोह आवरा, जखम होऊन चिघळते. मग शेपटीचं बूड पाहा: मलद्वाराच्या लगेच मागे दोन फुगवटे असतील तर नर. रुंद गाल, पाठीवरचे उंच काटे हे पूरक पुरावे. दांडग्या नरासोबत ठेवलेला दबलेला नर हुबेहूब मादीसारखा दिसू शकतो. मलद्वारातून बारीक सळई घालून नर-मादी तपासणं हे फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांचं काम.

दोन फुटांची मादी? दोन फुटांची असते ती अर्धवट वाढलेली. पूर्ण वाढलेली मादी चार फुटांपर्यंत सहज जाते, नर पाच-सहा फूट. यातली निम्म्याहून जास्त लांबी शेपटीची, आणि तुटलेली शेपटी पुन्हा आली तरी आखूडच येते. म्हणून वाढ मोजायची ती नाकाच्या टोकापासून मलद्वारापर्यंत, महिन्यातून एकदा.

आता पेटी. पेटी पाहून कोणी वाढ थांबवत नाही. वाढ खुंटते ती कॅल्शियम आणि उन्हातल्या अतिनील-बी (यूव्हीबी) किरणांच्या अभावी; मग खालचा जबडा मऊ पडून सुजतो, पाय थरथरतात, पाठ वाकते. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, काच हे किरण अडवते. शिवाय मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, उन्हातली बंद काचपेटी म्हणजे भट्टीच. मोठ्या इग्वानाला निदान सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट उंच जाळीचा पिंजरा लागतो. बेडरूममध्ये कोपरा शोधण्याआधी टेप लावून बघा.

आणि मादी निघाली तर आणखी एक गोष्ट: नर नसतानाही ती अंडी धरते. खाणं सोडून कोपरे उकरू लागली की ओलसर मातीचा, तिला आत वळता येईल एवढा खोका द्या. उकरणं थांबून ती मलूल पडली तर अंडी अडकलेली असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना गाठा.