फ्रेंडली खेळून क्लब मोठा होत नाही, बाबांनो

"मोठं नाव फुकटात उचला, बार्सिलोनाला फ्रेंडलीला (सरावाच्या सामन्याला) बोलवा, स्टेडियम वाढवा, चांगला खेळाडू विकू नका आणि लीग जिंकत राहा. तीन सीझनमध्ये तुमचा गल्लीतला क्लब युरोपात गाजेल." फुटबॉल मॅनेजर, म्हणजे एफएम, या क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेमबद्दलचा हा मंत्र ठाण्यापासून बेलापूरपर्यंत प्रत्येक एफएमवेड्याच्या फोनवर येऊन गेलाय. लिहिणाऱ्याने तो इतक्या ठासून लिहिलाय की नवी पोरं डोळे झाकून पाळतात आणि चौथ्या सीझनला गेमच सोडून देतात.

आधी मुळाशी जाऊ. गेममध्ये प्रत्येक क्लबची रेप्युटेशन, म्हणजे पत, हा 10,000 पर्यंत जाणारा एक लपवलेला आकडा असतो. आपल्याला दिसतात ते फक्त तारे. असाच वेगळा आकडा खेळाडूला असतो, मॅनेजरला असतो, लीगलाही असतो. एकाचा आकडा दुसऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होत नाही, आणि या मंत्रातली निम्मी गफलत इथेच आहे.

मोठ्या नावाचंच घ्या. कोपरखैरण्यातल्या एका मित्राने वेल्सच्या लीगमधला क्लब घेतला आणि पस्तिशीचा एक नावाजलेला स्ट्रायकर फ्री ट्रान्सफरवर आणला. त्याचा एकट्याचा पगार अर्ध्या टीमच्या पगाराएवढा. वीसपैकी पेस (वेग) 8, नॅचरल फिटनेस 7. नाताळच्या गर्दीच्या सामन्यांत मांडीमागची हॅमस्ट्रिंग गेली ती थेट मार्चपर्यंत. जर्सी खपल्या, ड्रेसिंग रूममधली पोरं त्याच्याकडे बघून शिकली, तेवढं मान्य. पण क्लबचे तारे होते तिथेच राहिले, आणि पगाराचं बजेट संपल्यामुळे लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) काही मिळाला नाही.

हे फक्त गेममध्येच होतं असंही नाही. 2014 मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) पहिला सीझन झाला तेव्हा नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीकडे निकोलस अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग अशी दोन नावं होती. आठ संघांत मुंबई सातवी आली. क्लबला वजन आलं ते 2020-21 मध्ये, प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या टीमने लीग शील्ड (साखळीत पहिला नंबर) आणि ट्रॉफी (बाद फेरीचं जेतेपद) दोन्ही उचलल्यावर. मग एप्रिल 2022 मध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय ठरला. मँचेस्टर सिटीच्या मालकांचा, सिटी ग्रुपचा, पैसा मागे होता हे खरंच, पण तो मैदानात दिसला म्हणून कामी आला. नोव्हेंबर 2023 मध्ये याच स्पर्धेत सौदीचा अल हिलाल नेरुळला आला तो पाहुणा म्हणून नव्हे, गुणांसाठी खेळायला. आपण 0-2 ने हरलो, तो भाग वेगळा.

फ्रेंडलीबद्दल फार बोलायची गरज नाही. बार्सिलोनाला बोलावलंत तर तिकिटांचे पैसे येतात. जरूर घ्या. उरलेल्या फ्रेंडली पोरांच्या फिटनेससाठी ठेवा.

स्टेडियमचंही तेच. वाढवलेल्या खुर्च्या भरल्या तर गल्ला वाढतो, नाही भरल्या तर कर्जाचे हप्ते तेवढे राहतात. नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्ट क्लबचं आस्पमिरा स्टेडियम जेमतेम आठ हजारांचं आहे, तरी ऑक्टोबर 2021 मध्ये प्रशिक्षक मोरिन्योच्या रोमाने तिथे सहा गोल खाल्ले. बोर्डाकडे हट्ट धरायचाच असेल तर ट्रेनिंग ग्राउंड आणि युवा सुविधांसाठी धरा.

"चांगला खेळाडू विकू नका" हा सल्ला तर उलटाच आहे. याच बोडोने 2020 मध्ये येन्स पेटर हाउगे मिलानला विकला, तोही ऐन सीझन चालू असताना. त्याच वर्षी त्यांनी आपलं पहिलं लीग विजेतेपद जिंकलं. पुढे हाउगे परत आला आणि 2025 मध्ये क्लबसोबत युरोपा लीगच्या (युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या) सेमीफायनलला उतरला. गेममध्येही विकताना पुढच्या विक्रीतला टक्का कलमात घालून घ्या. आणि क्लब मोठ्या ठिकाणी जायला आडकाठी करत नाही हे दिसलं की पुढचा पोरगा तुमच्याकडे यायला तयार होतो.

आता "लीग जिंकत राहा." हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच सगळ्यात घातक. छोट्या लीगमध्ये पहिली दोन-तीन जेतेपदं तारे वाढवतात. त्यानंतर तुम्ही जिंकणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं, आणि क्लबचं डोकं लीगच्या छताला टेकतं. बल्गेरियाच्या लुडोगोरेत्सने 2012 पासून 2025 पर्यंत सलग 14 वेळा लीग जिंकली, 2014 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये रियाल माद्रिद आणि लिव्हरपूलशी खेळले, तरी 2025 च्या उन्हाळ्यात त्यांना पहिल्या पात्रता फेरीपासूनच सुरुवात करावी लागली. एकट्याने किती ओढायचं?

यूएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) देशवार गुणांचं गणित बघा, गेममध्येही तेच चालतं. मुख्य फेरीत विजयाला 2 गुण, बरोबरीला 1, पात्रता फेरीत त्याच्या निम्मे. देशातल्या सगळ्या क्लबांचे गुण एकत्र करून युरोपात गेलेल्या क्लबांच्या संख्येने भागायचे आणि पाच वर्षांची बेरीज धरायची. वेल्सचे चार क्लब जातात. तुम्ही कॉन्फरन्स लीगच्या (युरोपातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या) मुख्य फेरीतले सहापैकी चार सामने जिंकलात, म्हणजे 8 गुण झाले. बाकीचे तिघं पहिल्याच फेरीत रिकाम्या हाताने गारद झाले तर देशाच्या वाट्याला 2. त्या तिघांनी पात्रता फेरीत दोन-दोन सामने जिंकले असते तर 3.5. बोनस गुण आणि तुमचे स्वतःचे पात्रता फेरीतले गुण यात धरलेच नाहीत.

म्हणजे काय, तर तुमचा लीगमधला वैरी युरोपात हरला की फायदा तुमचा नाही, तोटाच होतो. देशाचे गुण वाढले की युरोपातल्या जागा वाढतात, पात्रतेच्या फेऱ्या कमी होतात. युरोपातल्या निकालांनी लीगची रेप्युटेशन वर सरकली की आधी "या दर्जाच्या लीगमध्ये यायचं नाही" म्हणणारे खेळाडू निदान बोलायला बसतात. याला तीन सीझन पुरत नाहीत. पाच वर्षांची बेरीज आहे, तेव्हा दहा-बारा सीझनची तयारी ठेवा.

तो कोपरखैरण्याचा मित्र आता राखीव फळीतल्या चांगल्या पोरांना लीगमधल्याच दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या क्लबांना लोनवर (उसने) देतो, आपल्याविरुद्ध खेळायचं नाही एवढी अट घालून. परवा त्याचा राखीव गोलकीपर प्रतिस्पर्ध्याकडून पात्रता फेरीत उतरला, पेनल्टी अडवली, संघ पुढच्या फेरीत गेला. याच्या क्लबचे समर्थक मात्र गेममध्ये भडकलेत, पोरगा दिलाच का म्हणून.