रांगेतल्या गप्पा आणि फुकटचे संडास

घरच्या ग्रुपवर आत्याने तो मेसेज टाकला, खाली भराभर अंगठे आले, म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं: मुंबईतल्या झोपडपट्ट्यांना फुकट संडास मिळतात तरी तिथे घाणच, टीव्हीला पैसे आहेत, घरात संडास बांधायला नाहीत, आणि बायकांना तर रांगेत गप्पा मारता येतात म्हणून घरात संडास नकोच असतो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून डोकं फिरलं. स्वच्छ भारत अभियानाचा निकष आहे 25 बायकांमागे एक शौचकूप, म्हणजे संडासाची एक बैठक. प्रजा फाउंडेशन या मुंबईतल्या संस्थेच्या 2024 च्या अहवालानुसार शहराच्या सामुदायिक शौचालयांत एका शौचकूपामागे 81 बायका आहेत. यातल्या 69 टक्के शौचालयांना नळजोडणी नाही, 60 टक्क्यांना वीज नाही. म्हणजे पहाटे अंधारात पाण्याचा डबा घेऊन उभं राहायचं आणि आतल्या बाईने उरकावं म्हणून दार वाजवायचं. रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या आणि मग जळजळीसाठी दवाखाना गाठणाऱ्या बायका कुठल्याही वस्तीत भेटतील. 2017 मध्ये मानखुर्दला आणि 2018 मध्ये भांडुपला शौचालयाची जमीन खचून माणसं खालच्या मैल्याच्या टाकीत पडून मेली. कसल्या गप्पा मारायच्या तिथे?

'फुकट' म्हणे! बऱ्याच ठिकाणी कुटुंबाचा महिन्याचा पास असतो, नाहीतर दर खेपेला सुटे पैसे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र वसुली, यावर 2011 पासून 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) या मोहिमेतल्या बायका भांडताहेत.

टीव्हीला एक प्लग पुरतो. संडासाला पाणी लागतं, गल्लीत मलवाहिनी लागते, नाहीतर टाकी. आणि दहा बाय बाराच्या खोलीत टाकी खणणार कुठे? पाण्याचं म्हणाल, तर 2000 नंतरच्या, म्हणजे तेव्हा सरकार बेकायदा धरायचं त्या झोपड्यांना ते नाकारता येणार नाही, हे 2014 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

हो, नळ आणि कड्या चोरीला जातात. काही शौचालयं गल्लीतल्या दादांच्या खिशात आहेत. काहींनी घरात संडास बांधून पाइप सरळ नाल्यात सोडलाय, तेही मान्य. पण मग 'घरात बांधत नाहीत' ही तक्रार कशाची? बांधलाय की. पुढची वाहिनी महापालिकेने टाकायची असते.