आत्याचा ताप आणि क्रॅनबेरीचा खोका

परवा आत्याकडे गेले, तर फ्रिजच्या दारात लाल ज्यूसचा खोका आणि आत्या दोन पांघरुणांखाली. दोन दिवस उन्हाळी लागली होती, तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. डॉक्टरकडे का गेली नाहीस? तर म्हणे भिशीच्या ग्रुपवर आलंय: 'रोज दोन ग्लास क्रॅनबेरी ज्यूस प्या, लघवीचं इन्फेक्शन गोळीशिवाय बरं होतं. मूतखडा विरघळतो. क्रॅनबेरी म्हणजे आपलं करवंदच. आमटीत कोकमाऐवजी घातलं तरी तोच गुण.'

'गोळीशिवाय बरं होतं' हे लिहिणाऱ्याला आत्याच्या उशाशी रात्रभर बसवायला हवं होतं. क्रॅनबेरीवर अभ्यास झालेच नाहीत असं नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये असे 50 अभ्यास एकत्र तपासले. ज्या बायकांना हे इन्फेक्शन पुन्हापुन्हा होतं, त्यांच्यात ते होण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला. होण्याचा! झालेलं बरं करण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. क्रॅनबेरीतले काही घटक जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असं मानतात. पण एकदा ठाण मांडून ताप आणलेल्या जंतूंपुढे हा ज्यूस काय करणार? आणि त्याच आढाव्यात गरोदर बायका आणि वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं यांना फायदा दिसलेला नाही. मेसेजमध्ये हे कुठे आहे?

वर साखर. नुसता रस इतका आंबट-तुरट असतो की बाजारात मिळतं ते बहुतेक पाणी आणि साखर घातलेलं पेय. एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते. आत्याला मधुमेह आहे. सकाळच्या चहात साखर घालत नाही आणि हे दोन-दोन ग्लास! वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊच नये.

मूतखडा? बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात, ते ज्यूसने विरघळत नाहीत. करवंद कण्हेर-सदाफुलीच्या कुळातलं, देठ मोडला की पांढरा चीक येतो. क्रॅनबेरी ही ब्लूबेरीची बहीण, उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत वाढणारी. दोन्ही आंबट, संपलं नातं.

स्वयंपाकाचं मात्र अर्धं खरं आहे, कबूल. आमटीला आंबटपणा येतो, पण ज्यूस गोड असेल तर गूळ घालू नका. दुधाच्या कशात घातलात तर फाटेल. औषधी गुणाची गोष्ट सोडा.

आत्याची कल्चर टेस्ट (लघवीत कोणते जंतू आहेत ते शोधणारी) झाली, अँटिबायोटिक सुरू आहे. उरलेला खोका मी घरी आणला. आल्याचा तुकडा, लाल तिखट आणि काळं मीठ घालून पातेल्यात पाव होईपर्यंत आटवला. ढोकळ्याबरोबर झकास लागला. आत्याने लगेच कृती मागितली. म्हटलं, देते, पण भिशीच्या ग्रुपवर टाकायची नाही.