बहावा फुलला की 45 दिवसांनी पाऊस? मोजून तर पाहू

दर उन्हाळ्यात बहाव्याच्या फोटोखाली तोच मजकूर फिरतो: ‘बहावा फुलला की बरोबर 45 दिवसांनी पाऊस येतो, म्हणून त्याला शॉवर ट्री म्हणतात. वराहमिहिराने हे बृहत्संहितेत सांगितलंय. याची बी कोल्ह्या-माकडाच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही.’ झाडाचं कौतुक रास्त आहे. बाकीचं एकेक घेऊ.

‘बरोबर 45 दिवस.’ मोजायचं कधीपासून? पहिला घोस लोंबला तेव्हापासून, की सगळं झाड पिवळंधमक झालं तेव्हापासून? एका रस्त्यावरचे दोन बहावेसुद्धा एका दिवशी फुलत नाहीत. आता उलटं मोजा. मुंबईत मोसमी पाऊस 2023 मध्ये 25 जूनला पोहोचला, 2025 मध्ये 26 मेला. म्हणजे बहावा पहिल्या वर्षी 11 मेला आणि दुसऱ्या वर्षी 11 एप्रिलला फुलायला हवा. एप्रिल ते जून असा ऐसपैस हंगाम असलेल्या झाडात यातली कुठलीही तारीख शोधली तर सापडेलच! गंमत त्यातच आहे: बहावा उन्हाळ्यात फुलतो, पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, त्यामुळे ढोबळ अंदाज बहुतेक वर्षी जुळल्यासारखा वाटतो. पेरणीची तारीख मात्र त्यावर ठरवू नये. पानगळ, कोरडी हवा आणि वाढतं ऊन यांना झाड प्रतिसाद देतं. जूनमधले समुद्रावरचे वारे त्याला एप्रिलमध्ये कळत नाहीत.

शिवाय अनेकजण दिवस मोजतात ते भलत्याच झाडावरून. पीतमोहराची फुलं उभ्या तुऱ्यात, पानं गुलमोहरासारखी बारीक, शेंगा चपट्या नि तांबूस. काशिदाचे तुरेही उभेच, शेंगा चपट्या. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, साधारण हातभर. पानात तळहाताएवढ्या मोठ्या पर्णिकांच्या (एका देठावरच्या उपपानांच्या) 3 ते 8 जोड्या असतात, आणि शेंग गोल काठीसारखी, 30 ते 60 सेंमी लांब, पिकल्यावर काळपट. गेल्या वर्षीच्या अशा शेंगा फुलांच्या वेळीही बहुधा फांदीवर असतात.

‘म्हणून शॉवर.’ नाव लोंबत्या पिवळ्या घोसांवरून पडलंय, हवामानावरून नाही.

‘बृहत्संहितेत आहे.’ वराहमिहिराच्या या प्राचीन ज्योतिषग्रंथातल्या कुसुमलताध्यायात झाडांच्या फुला-फळांच्या भरावरून पिकांची आणि वस्तूंची सुबत्ता सांगितली आहे. पावसाची खूण तिथे पानांवरून दिली आहे: तुकतुकीत, बिनभोकाची पानं म्हणजे चांगला पाऊस.

‘पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही.’ अडचण टणक सालीची आहे. पाणी आत शिरत नाही. साल कमकुवत करण्याचं काम नेलकटरही करतो. काळी शेंग फोडा, बिया रात्रभर भिजवून चिकट गर धुऊन टाका. प्रत्येक बीची कड एका जागी जराशी छाटा किंवा पॉलिश पेपरवर घासा. ज्या टोकाला बी शेंगेला जोडलेली होती ते टोक मात्र सोडा, तिथे अंकुर दुखावतो. मग 24 तास साध्या पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया 1 ते दीड सेंमी खोल पेरा. न फुगलेल्या पुन्हा छाटा. बिया पाण्यात घालून उकळत ठेवणाऱ्यांच्या बहुतेक बिया मरतात आणि दोष कोल्ह्याच्या अभावाला जातो.

सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून पिशवी उथळ नको. वर्षाचं रोप पावसाच्या सुरुवातीला, पूर्ण उन्हात, भिंतीपासून 3-4 मीटर सोडून लावा. पाणी तुंबणारी जागा टाळा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या. बीपासूनच्या झाडाला फुलं यायला 5 ते 8 वर्षं लागू शकतात. छाटणी फुलोरा संपल्यावर लगेच. हिवाळ्यात छाटलं तर फुलणाऱ्या फांद्याच जातात, आणि मग ‘यंदा पाऊस नाही’ असं कुणीतरी म्हणतंच.

नव्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या बहुधा एमिग्रंट फुलपाखरांच्या असतात. मोठं झाड पुन्हा पालवतं. रोपावरच्या तेवढ्या हाताने उचलून मोठ्या बहाव्यावर सोडा. शेंगेतला गोडसर गर रेचक आहे, तेव्हा खाली पडलेल्या शेंगा लहान मुलांच्या हाती लागण्याआधी उचलून टाका.