गस्तीची पहिली रात्र

शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली आणि आमच्या सोसायटीच्या सभेत रात्रीच्या गस्तीचा ठराव एकमताने मंजूर झाला. गस्त दुसऱ्या कोणीतरी घालायची आहे असा प्रत्येकाचा समज असल्यामुळेच हे एकमत झाले, असा माझा दाट संशय आहे. एका घरी चोरी झाली की पुढचे काही आठवडे आसपासच्या घरांचाही धोका वाढतो, असे अध्यक्षांनी सांगितले, आणि ते खरेही आहे. मग त्यांनी इतिहास काढला. अमेरिकेत 1972 साली शेरीफांच्या राष्ट्रीय संघटनेने शेजाऱ्यांच्या पहाऱ्याची मोहीम सुरू केली आणि दहा वर्षांनी इंग्लंडमधल्या मॉलिंग्टन या गावाने तिचे अनुकरण केले, एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. पहिली पाळी माझी लागली. याचा मॉलिंग्टनशी काय संबंध, हे मला अजून उमगलेले नाही.

मला एक शिट्टी, एक बॅटरी आणि एक सूचना मिळाली: चोराला पकडायला जायचे नाही, दुरून पाहायचे आणि पोलिसांना कळवायचे. या सूचनेच्या पूर्वार्धाचे पालन मी जन्मभर करत आलो आहे. जोडीला तळमजल्यावरचे काका होते. ते पहिल्याच फेरीनंतर गुडघ्याचे कारण सांगून पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसले आणि लगेच घोरू लागले.

रात्री दोनच्या सुमारास माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत पार्किंगमध्ये शिरतो न शिरतो तोच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, 'पार्किंगमध्ये कानटोपी घातलेला एक इसम लंगडत फिरत आहे. सावध राहा.' माझ्या अंगावर काटा आला. चोर माझ्या इतक्या जवळ असूनही मला दिसू नये! मी कानटोपी खाली ओढली, बॅटरी विझवली आणि एकेका गाडीमागे वाकून शोध घेऊ लागलो. दुसरा निरोप आला, 'आता तो गाड्यांमागे वाकून पाहत आहे.' मी आणखी वाकलो. तिसरा निरोप आला, 'तो थांबला आहे. मोबाइल वाचत आहे.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वर पाहिले, तर बारा खिडक्यांचे दिवे लागले होते आणि प्रत्येक खिडकीत एक सावध नागरिक उभा होता. पोलिसांना मात्र एकानेही फोन केला नव्हता. दुसऱ्याने केलाच असेल, अशी प्रत्येकाची खात्री होती. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली नेमके हेच प्रयोगाने दाखवले होते. आजूबाजूला आणखी कोणी नाही असे वाटत असताना झटका आलेल्या माणसाच्या मदतीला 85 टक्के लोक धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटताच हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. आमच्या बारा खिडक्यांनी ते शून्यावर आणले, याबद्दल मी खरे तर कृतज्ञ असायला हवे.

सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी, म्हणजे पहिला निरोप पाठवणाऱ्या बाईंनी, दिलगिरी व्यक्त करून विचारले, "तुम्ही इथे नवीन राहायला आलात का?" मी म्हटले, "अकरा वर्षे झाली."

पुढच्या सभेत ठरले की, गस्तीआधी सर्वांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून प्रत्येकाने आपला फोटो ग्रुपवर टाकावा. मला तेवढी सूट मिळाली. कानटोपीसह, तिसऱ्या मजल्यावरून काढलेला माझा फोटो सर्वांकडे आधीच होता.